वाहक

गोळी घशात अडकली आहे असं त्याला वाटलं. म्हणजे गोळी केव्हाच खाली गेली असणार, पण तिची जागा मागे राहिली होती — जिभेच्या मुळाशी, उजव्या अंगाला, बोट घातलं तर लागेल अशी. गुलाबीसर, गुळगुळीत, चिंचोक्याएवढी गोळी. चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. फोडली तर पोटातल्या आम्लात औषध फुकट जातं म्हणे. सत्यवाननं स्टँडवरच्या नळाखाली ओंजळ धरली, आणखी एक घोट घेतला, मान मागे टाकली, गिळला. पाणी बिनतक्रार खाली गेलं. जागा तिथंच.

पलीकडे नगर–काष्टी गाडी लागली होती आणि ड्रायव्हर छगन इंजिनात पाणी ओतत होता. लेकीला, साराला, माती दिल्यानंतर सत्यवान आज पहिल्यांदाच कामावर आला होता. डेपोतली माणसं त्याच्याशी जपून वागत होती... कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी ‘आलास का’ एवढंच म्हणून खाली बघितलं, आणि त्या प्रत्येक हाताखालून त्याला निसटावंसं वाटलं, कारण त्यांना वाटत होतं की आपण एका पोर गेलेल्या बापाच्या पाठीवर हात ठेवतो आहोत. बाप तर होतोच मी. पण आणखीही कुणी होतो, आणि ते फक्त मला आणि डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं.

“बाजार हाय आज काष्टीचा, गर्दी व्हईल,” छगन म्हणाला. “दमानं घे. वाटलं तर मधी सांग, म्या गाडी उभी करतो.”

सत्यवाननं मान हलवली आणि दोरी ओढली. घंटी वाजली, गाडी हलली, आणि सवयीनं त्याचं बोट तिकिटाच्या गठ्ठ्याकडे जाता जाता तोंडाकडे वळलं. ओठांशी येऊन थांबलं. इतकी वर्षं ह्या बोटानं हेच केलं होतं — जिभेला टेकायचं, तिकीट सुटं करायचं, पंच मारायचा, पुढच्या हातात ठेवायचं... आज पेटीच्या कोपऱ्यात त्यानं एका डबीत ओला स्पंज आणला होता. त्यात बोट बुडवलं. तरीही प्रत्येक तिकीट देताना त्याला वाटत होतं, की स्पंज ही नुसती आपल्या मनाची समजूत आहे. किती तिकिटं गेली असतील ह्या हातातून, श्रीगोंद्याला, संगमनेरला, पारनेरला. कुणाच्या टोपीत खोचून, कुणाच्या कनवटीला, कुणाच्या...

तिसऱ्या बाकावरच्या बाईच्या मांडीवरचं पोर तिकीट तोंडात घालून चघळत होतं.

“काढा ते! तोंडातनं काढा आधी!”

तो एवढ्या जोरात ओरडला, की पुढची माणसं मागे वळली. बाईनं तिकीट काढून पदराला पुसलं आणि त्याच्याकडे रागानं बघितलं. “तिकीटच हाय न्हवं, कंडक्टर? का इख लावलंया त्याला?”

कुणीतरी हसलं. तोही हसल्यासारखं करून पुढच्या बाकाकडे सरकला. डॉक्टरीणबाईंनी कामावर जायला परवानगी दिली होती. इतक्या गोळ्या पोटात गेल्यावर आता धोका उरलेला नाही, शेवटी एकदा घसा तपासून बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचं ऐकून मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर त्यातलं काहीही खरं मानायचं नाही, अशी खोड त्याला हल्ली लागली होती.

तिकिटं संपवून तो दाराजवळच्या आपल्या जागेवर बसला. पाठीमागच्या पत्र्यावर रंगानं अक्षरं काढली होती — ‘वाहकासाठी’. ह्या अक्षरांना टेकून त्यानं डुलक्या काढल्या होत्या, डबे खाल्ले होते, आणि ती कधी वाचली नव्हती. आता ती त्याच्या पाठीला लागत होती.

घसे सगळ्यांचेच तपासले होते. सारा गेल्यावर लगेच, काडीला कापूस गुंडाळून, मरियाचा, धाकट्या आमोसचा आणि त्याचा. आमोस ओकला होता. मरियानं तोंड उघडलं आणि मिटायचं विसरल्यासारखी तशीच बसून राहिली होती, नर्सनं हनुवटीला हात लावेपर्यंत. निकाल आणायला तो एकटाच गेला. मिशनच्या इस्पितळातल्या त्या लहानशा खोलीत बाईंनी कागद बघितला, बायकोचा आणि मुलाचा घसा स्वच्छ आहे म्हणाल्या, आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुम्ही वाहक आहात.”

“हो,” तो म्हणाला. “नगर डेपोला. लग्नाच्या आधीपासून.”

आणि तो अदबीनं हसलासुद्धा. ते हसू आठवलं की अजून त्याच्या कानशिलांना घाम फुटे. पोरीच्या थडग्यावरची माती अजून ओली, आणि हा मनुष्य, डॉक्टरीणबाईंनी आपल्या नोकरीची विचारपूस केली म्हणून खूश होतो आहे!

बाई हसल्या नाहीत. नोकरीचं नाही म्हणत मी, त्या म्हणाल्या. घटसर्पाचे जंतू एखाद्याच्या घशात नुसते मुक्कामाला असतात. त्या माणसाला काही होत नाही. तो जेवतो, झोपतो, कामाला जातो. जवळच्याला होतं. अशा माणसाला वाहक म्हणतात. “आता तुमच्याकडून तिला गेले, की तिच्याकडून तुम्हाला आले, ते कुणीच सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.” मग काहीतरी लिहिता लिहिता सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “मध्यंतरी तुमचा घसा दुखला होता का कधी?”

“नाही,” तो म्हणाला.

दुखला होता. मेव्हण्याच्या लग्नासाठी मरिया साराला घेऊन काष्टीला माहेरी गेली, त्याच्याही आधी. दोन दिवस आवंढा गिळवत नव्हता, आवाज बसला होता, छगन त्याला चिडवत होता की घंटीच वाजव बाबा, तुझ्यानं बोलवत न्हाई. मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, बरं वाटलं, विसरून गेला. घसा काय, कुणाचाही दुखतो.

खोटं बोलून झाल्यावर नर्सनं त्याच्या हातावर पेनिसिलिनची चाचणी घेतली होती, आणि बघता बघता तिथं गांधी उठल्या, मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक. त्याला तेव्हा वाटलं, अंगालासुद्धा कळलं. पण बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. पेनिसिलिन सोसत नाही अशी बरीच माणसं असतात, त्यांच्यासाठी हे दुसरं औषध आहे, एरिथ्रोमायसिन. डांग्या खोकल्यालाही आम्ही हेच देतो, न्यूमोनियालाही. ते नाव त्यानं बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, जीभ वळली नाही. मधेच सोडायच्या नाहीत गोळ्या, बरं वाटलं म्हणून तर नाहीच, असं त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं होतं. पण मला तर बरंच वाटत होतं, बाई... मला आधीपासूनच बरं वाटत होतं, तेच तर.

घरी येऊन तो मरियाला म्हणाला, सगळ्यांचे घसे स्वच्छ निघाले. गोळ्या? पित्ताच्या आहेत.

कोळगावच्या पुढे पोटात कळ आली. ह्या गोळ्यांनी अशी कळ येते, बेंबीभोवती पिळा बसतो, घाम फुटतो आणि मग हळूहळू सैल पडतं. बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं. त्यानं दांडा घट्ट धरला, खिडकीबाहेर बघितलं. दुष्काळी कामावर बायका ओळीनं खडी फोडत बसल्या होत्या, धुळीनं एकसारख्या झालेल्या. कोण तरणी, कोण म्हातारी कळत नव्हतं. कळ वाढली, तेव्हा त्याला चांगलं वाटलं. इतकी तरी शिक्षा असावी. मग त्याला ह्या विचाराचीही लाज वाटली — पोट दुखलं म्हणजे हिशेब फिटला असं समजणारा हा मनुष्य आपल्या ओळखीचा नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

ड्यूटीवरून आलं की सारा खिसा तपासायची. डाव्या खिशात लिमलेटची गोळी असायची, एकच. ती तिला मिळाली की तिचं लगेच सुरू — अर्धी तुला. पपा, अर्धी तुला. नको म्हटलेलं चालायचं नाही. मग तो खाकी शर्टाचं टोक वर घ्यायचा, त्यात गोळी गुंडाळायचा आणि कापडावरून दातांनी कडकन फोडायचा. चिमणीच्या दातांनी. आपण सगळ्यांनी लहानपणी असंच फोडलेलं असतं, बोर असो, पेपरमिंट असो, कापड मधे आलं की ते उष्टं होत नाही. मरियाला उष्ट्याचं फार. पोरीला उष्टं देऊ नका, ती चुलीपाशी बसून ओरडायची, आणि सारा तिथूनच उत्तर द्यायची, “उष्टं नाही काही, चिमणीच्या दातांनी फोडलंय!” तोंडात तुकडा, गालाला फुगवटा. शर्टाचं टोक ओलंचिंब. थुंकीनं ओलं झालेल्या त्या टोकातून तो चुरा चिमटीनं गोळा करायचा आणि तिच्या तळहातावर ठेवायचा, तो फुकट जाऊ नये म्हणून.

आणि ज्या दोन दिवसांत आवाज बसला होता, त्या दोन दिवसांतही फोडली होती.

लग्नाहून आली ती तापानं फणफणलेली. आवाज बसलेला. मान सुजायला लागली, तेव्हा गालगुंड म्हणून हळदीचा लेप लावला. काष्टीत राहीबाईच्या, म्हणजे सासूच्या शेजारी एका पोराला गालगुंडच झालं होतं, मरियानं डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून सगळे निर्धास्त. इस्पितळात नेली तेव्हा घशात पांढरा पडदा धरला होता. सीरमचं इंजेक्शन दिलं. बाई रात्रभर उशाशी बसून होत्या... नको.

दफनाच्या दिवशी, पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आत, मरिया आपल्या आईकडे वळून म्हणाली होती, “तुझ्या घरातनं आणलं मी हे. शेजारी पोर आजारी होतं, तू मला बोलली नाहीस.” राहीबाईनं खाली वाकून मूठभर माती घेतली, टाकली, आणि एकटीच फाटकाकडे चालत गेली. तो हे बघत उभा होता. तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण नंतर झालं की ठाऊक! झाल्यावर त्यानं काय केलं?

काष्टीला गाडी रिकामी झाली. बाजारात बैलांची गर्दी होती आणि घेणारं कुणी नव्हतं. हाडं वर आलेली जनावरं आपापल्या धन्याशेजारी मुकाट उभी होती. छगन चहाला गेला. सत्यवाननं पुडी उघडली. जेवणाआधी घ्यायची गोळी. तळहातावर घेतली आणि तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

माझ्या घशात जे आहे ते तिच्या घशात होतं. तेच. त्याच जातीचं नव्हे, तेच. एकातून दुसऱ्यात गेलेलं. तिचा फ्रॉक, तिची पाटी, तिची वाटी, ते सगळं नुसतं पडून आहे. जिवंत असं आमच्या दोघांत एवढंच राहिलं आहे, आणि ते मी दिवसातून चार वेळा मारतो आहे... हे काय चाललं आहे डोक्यात? घरी आमोस आहे. अजून नीट चालताही न येणारा आमोस, ज्याला त्यानं निकाल आल्यापासून उचलून घेतलं नव्हतं, आणि मरियाला वाटत होतं की बापाचं मन उडालं. त्यानं गोळी तोंडात टाकली. गिळली. ह्या वेळी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“जावईबापू.”

राहीबाई गाडीच्या दाराशी उभी होती, काखेत गाठोडं. त्या दिवसानंतर ती जास्तच वाकली होती.

“नगरला येते. चालंल का?”

“चढा की, आई. चालंल का काय विचारता?”

तिला त्यानं आपल्या जागेशेजारी बसवलं. गाडी भरली, निघाली. तिकिटं करून तो येऊन बसला, तेव्हा तिनं गाठोड्याची गाठ सोडून आत दाखवलं. साराचा फ्रॉक. लग्नात घातलेला, तिथंच राहिलेला. पिवळा होता, आता पांढुरका झाला होता.

“उकळत्या पान्यात घातला,” ती म्हणाली. “तीनदा. रंग गेला समदा. अंथरूनं बी जाळली म्या, पोरगी निजली हुती ती. शेजारचं पोर खेळतंय आता, त्याला काय बी झालं न्हाई. म्हंजी माझ्याच घरात कायतरी असंल. मरियाच्या पाया पडते. तिनं एक डाव तोंड उघडून बोलावं, शिव्या दिल्या तरी चालंल.”

शेजारचं पोर खेळतंय. कारण त्याला गालगुंडच झालं होतं, आई, नुसतं गालगुंड. त्याला वाटलं, आता हे सांगितलं नाही तर आपल्याला कधीच सांगता येणार नाही. आणि आपण सांगणार आहोत हे कळायच्या आत तो बोलू लागला होता. इंजिनाच्या आवाजात, तिच्या कानाशी तोंड नेऊन. घसे तपासले ते, एकट्याचाच खराब निघाला तो, आधी दुखला होता ते, बाईंना नाही म्हटलं ते, आणि लिमलेटचं. “तुमच्या घरात काही नव्हतं. माझ्या घशातनं गेलं ते तिला. मी दिलं.”

राहीबाईनं पदर तोंडावर ओढला. आपण त्याच्यापासून तोंड झाकलं हे लगेच तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तो खाली घेतला, हातात घट्ट धरून ठेवला. पण तो वर गेला होता. त्यानं बघितलं होतं.

श्रीगोंदा आलं, गेलं. माणसं चढली, उतरली. त्यानं उठून तिकिटं दिली आणि पुन्हा येऊन बसला. ती खिडकीबाहेर बघत होती. रडेल, छाती बडवेल, सगळ्या गाडीसमोर बोलेल, ह्या सगळ्याची त्याची तयारी होती. खरं तर तो त्याचीच वाट बघत होता.

“मरियाला ठावं हाय?” तिनं शेवटी विचारलं.

“नाही. आज सांगतो. तुमच्यासमोरच.”

“न्हाई सांगायचं.”

“आई —”

“ऐका माझं. माझ्यावं राग धरलाय तिनं, तर धरू द्या. म्या काष्टीला, ती नगरला, माझं काय जातंय? तुमच्यावं धरला तर ती रातच्याला कुठं जाईल? एकच खोली तुमची. तुमच्या ताटात वाढायचं, तुमच्या अंगाशेजारी निजायचं... आन् पोर हाय अजून एक.”

“पण ते खोटं आहे, आई. तुमच्यावर खोटा आळ आहे.”

“आसंना. पोरगी माझ्या घरी आली हुती का न्हाई? आली हुती. मंग झालं.” तिनं फ्रॉक गाठोड्यात सारला, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. “तुमच्याकडं मला बगवत न्हाई आत्ता, खरं सांगते. पर तिला सांगायचं न्हाई. त्या गोळ्या तेवढ्या घ्या नीट.”

बाहेर ऊन कलत होतं. तो दांडा धरून बसला होता आणि स्वतःच्या आत काहीतरी शोधत होता, ते आता तिथं नव्हतं. सकाळपासून, किती दिवसांपासून, छातीवर जो दगड होता तो... तो हलका झाला होता. कुणी क्षमा केली नव्हती. उलट ती तोंडावर म्हणाली होती की तुमच्याकडे बघवत नाही. फक्त आता गप्प राहायचं हे आपण ठरवलेलं नव्हतं. ते कुणीतरी सांगितलं होतं. एका म्हातारीनं आपलं ओझं मागून घेतलं, आणि आपण नको नको म्हणत, फारसं न ताणता, ते देऊन टाकलं. त्याला छाती भरून श्वास घेता आला आणि त्या श्वासाचीच त्याला किळस आली. मी थांबवू शकतो. अजून नगर आलेलं नाही. घरी गेल्यावर दारातूनच म्हणू शकतो, मरिया, ऐक... त्यानं ते वाक्य मनात पुरं करून बघितलं. पुरं झालं नाही.

स्टँडवर उतरून, पेटी डेपोत देऊन तो बाहेर आला, तेव्हा राहीबाई पुढे निघाली होती. गाठोडं छातीशी धरून, वाटेत कुणाला न विचारता, बरोबर घराच्या बोळाकडे. तो चार पावलं मागे राहून चालू लागला. बोळाच्या तोंडाशी तिनं पदर सारखा केला आणि ती क्षणभर थांबली, बहुतेक काय बोलायचं ते ओठात जुळवत. आतून आमोसच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि त्याला समजावणारा मरियाचा, थकलेला, सपाट आवाज.

आता ती आईला बघेल. आज तरी ती तिच्यावर ओरडावी — मोठ्यानं, बोळ गोळा होईल असं, तुझ्या घरातनं आणलं म्हणून — अशी आशा सत्यवानला वाटली. आपण कसली आशा करतो आहोत हे त्याला पुरतं कळलं. कळूनही ती गेली नाही.